भाकरीनं वजन वाढतं का? तरुणींचा आहार, पोटावरची चरबी आणि अंगातली ताकद : सविस्तर माहिती

लग्न ठरलं की पोरीची भाकरी बंद होते. कॉलेजला जाणाऱ्या मुली सकाळी उपाशीपोटी एसटी गाठतात, दुपारी स्टँडवर वडापाव आणि चहा घेतात आणि रात्री 'डाएट' म्हणून ताटातली भाकरी बाजूला सारतात. मोबाईलवर रोज एक नवा व्हिडिओ येतो. कुणी सांगतं भात सोडा, कुणी सांगतं गहू विष आहे, कुणी सांगतं महिनाभर कार्ब बंद करा. दुसरीकडे घरातली मोठी माणसं म्हणतात, पोरगी आधीच काडी झालीय, दोन भाकरी जास्त खा.

या दोन्ही सल्ल्यांत थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. भाकरी, भात, पोहे, साखर यांतून मिळणाऱ्या कर्बोदकांचा तरुण मुलीच्या शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे समजून घेतलं तर ताटात काय बदलायचं ते घरच्या घरी ठरवता येतं.

कर्बोदकं म्हणजे नेमकं काय?

आपल्या जेवणातून शरीराला तीन मुख्य गोष्टींतून ताकद मिळते. कर्बोदकं, म्हणजे धान्य, बटाटा, साखर, गूळ, फळं यांतला पिठूळ किंवा गोड भाग. प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्य, दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळणारा अंग भरणारा भाग. आणि स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, तूप, शेंगदाणे.

एक ग्रॅम कर्बोदकातून 4 कॅलरी मिळतात. एक ग्रॅम प्रथिनातूनही 4 कॅलरी मिळतात. एक ग्रॅम तेला-तुपातून मात्र 9. म्हणजे नुसत्या कॅलरीचा हिशोब धरला तर भाकरीपेक्षा तेल जड पडतं. मग भाकरीचंच नाव का येतं? कारण आपल्या ताटात तिचा आणि तिच्या भावंडांचा वाटा फार मोठा आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशभर झालेल्या अभ्यासात 18 हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराची माहिती घेतली गेली. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरींपैकी सरासरी 62 टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की धान्यातून येणाऱ्या कॅलरी 45 टक्क्यांच्या आसपास असाव्यात.

वजनकाटा अर्धंच सांगतो

शरीराचं वजन म्हणजे हाडं, स्नायू, चरबी, पाणी आणि आतले अवयव यांची बेरीज. दोन मुलींची उंची आणि वजन सारखंच असलं, तरी एकीच्या अंगात स्नायू जास्त आणि दुसरीच्या अंगात चरबी जास्त असू शकते. काट्यावर दोघी सारख्या दिसतात. पण पाण्याचा हंडा उचलताना, जिना चढताना आणि पुढे रक्त तपासताना फरक कळतो.

बाईच्या शरीरात पुरुषापेक्षा चरबी जास्त असणं हे निसर्गाचंच काम आहे. पाळी नियमित येण्यासाठी, गरोदरपणासाठी ती लागते. ही चरबी मांड्या आणि कमरेखाली असेल तर तिचा त्रास कमी. पोटाभोवती आणि पोटाच्या आत साठणारी चरबी मात्र घातक. तिच्यामुळे इन्सुलिन नीट काम करत नाही आणि मधुमेह, रक्तदाब, पीसीओडी यांचा धोका वाढतो.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय दिसलं?

हा विषय शहरातल्या जिमवाल्यांचा आहे असं वाटत असेल, तर पुणे जिल्ह्यातला अभ्यास बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या तरुण बायांचा अभ्यास सुरू केला. या बायांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास होतं. शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बाया.

त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन इथल्या बाळांचं सरासरी वजन 3.5 किलो होतं. पण गंमत पुढे आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, पण आत चरबीचा वाटा जास्त. शास्त्रज्ञांनी याला 'बारीक-पण-चरबीयुक्त' शरीर म्हटलं.

हेच मोठ्यांमध्येही दिसतं. डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन तंतोतंत सारखं. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के निघाली.

त्याच सहा गावांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या गरोदर बायांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं आकारानं मोठी होती. पोट नुसतं भरून भागत नाही, कशानं भरलं ते महत्त्वाचं, एवढं यातून घेण्यासारखं आहे.

म्हणून आज विशीतल्या मुलीच्या ताटात काय आहे, हा प्रश्न तिच्या एकटीचा राहत नाही. तिच्या होणाऱ्या लेकराचाही तो प्रश्न आहे.

महाराष्ट्रातलं चित्र

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (पाचवी फेरी) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या महिलांपैकी सुमारे 21 टक्के महिलांचं वजन उंचीच्या मानानं कमी निघालं. सुमारे 23 टक्के महिलांचं वजन जास्त निघालं. आणि सुमारे 54 टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी होतं.

म्हणजे एकाच राज्यात, कित्येकदा एकाच गल्लीत, एक पोरगी वजन कमी म्हणून चक्कर येऊन पडते आणि दुसरीचं पोट सुटलेलं असतं. दोघींच्या ताटात बहुतेक वेळा एकच कमतरता असते : धान्य भरपूर, पण डाळ, कडधान्य, दूध, अंडी, भाजी थोडी.

रेशनचाही इथे संबंध आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मोफत मिळतं. दिवसाला ते सुमारे 165 ग्रॅम होतं. भुकेच्या दृष्टीनं हा मोठा आधार आहे. पण पोषण संस्थेच्या 2000 कॅलरीच्या ताटात रोज 85 ग्रॅम डाळी-कडधान्य (किंवा अंडी, मासे, मटण) सांगितलं आहे. त्या हिशोबानं माणशी महिन्याला अडीच किलो लागतात. ते विकत किंवा शेतातून आणावं लागतं. पैसे कमी पडले की पहिली डाळ पातळ होते, भात वाढतो.

खाल्लेल्या कर्बोदकाचं शरीरात काय होतं?

भाकरी किंवा भात पचला की त्याची साखर होऊन रक्तात येते. इन्सुलिन ही साखर पेशींमध्ये पोचवतं. काही साखर लगेच कामाला लागते. उरलेली यकृतात आणि स्नायूंमध्ये साठते. यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून 300 ते 400 ग्रॅम एवढीच जागा असते.

ही कोठी भरली आणि अंगमेहनत नसली, तर काय होतं? शरीर आधी साखर जाळत बसतं आणि त्याच जेवणातलं तेल-तूप चरबी म्हणून साठवून ठेवतं. साखर फारच जास्त झाली तर यकृत तिचीही चरबी बनवतं. म्हणजे चरबी वाढते ती खर्चापेक्षा जास्त खाल्ल्यानं. कर्बोदकं जास्त असली की हे सहज घडतं, कारण मऊ भात, पाव, बिस्किटं, चहातली साखर पोटात पटकन जाते आणि तासाभरात पुन्हा भूक लागते.

इथे स्नायूंचं महत्त्व कळतं. ज्या मुलीच्या अंगात स्नायू जास्त, तिची साखर साठवायची कोठी मोठी. शिवाय चालणं, खुरपणं, ओझं उचलणं यानं ती कोठी रिकामी होत राहते. म्हणून दिवसभर शेतात काम करणारी बाई तीन भाकरी पचवते आणि वर्गात नाहीतर मशीनवर बसून असणाऱ्या तिच्याच लेकीला तेवढ्या जड जातात. पोषण संस्थेच्या हिशोबानं बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे 1660 कॅलरी पुरतात, तर जड कष्ट करणाऱ्या बाईला सुमारे 2720 लागतात. आईचं माप लेकीला लावायचं नाही आणि लेकीचं आईला.

ज्वारी, बाजरी, भात, साबुदाणा : कशात किती?

शिजवण्याआधीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण असं प्रमाण असतं :

- ज्वारी : कर्बोदकं 68 ग्रॅम, प्रथिनं 10 ग्रॅम, चोथा 10 ग्रॅम
- बाजरी : कर्बोदकं 62 ग्रॅम, प्रथिनं 11 ग्रॅम, चोथा 11 ग्रॅम
- गव्हाचं न चाळलेलं पीठ : कर्बोदकं 64 ग्रॅम, प्रथिनं 10 ते 11 ग्रॅम, चोथा 11 ग्रॅम
- पांढरा तांदूळ : कर्बोदकं 78 ग्रॅम, प्रथिनं 8 ग्रॅम, चोथा 3 ग्रॅमपेक्षा कमी
- साबुदाणा : कर्बोदकं 87 ग्रॅम, प्रथिनं जवळपास शून्य
- तूरडाळ : कर्बोदकं 55 ग्रॅम, प्रथिनं सुमारे 22 ग्रॅम
- शेंगदाणे : कर्बोदकं 17 ग्रॅम, प्रथिनं सुमारे 24 ग्रॅम, तेल सुमारे 40 ग्रॅम

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. ज्वारी-बाजरीत चोथा जास्त, म्हणून पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. आणि उपवासाला खाल्लेली साबुदाण्याची खिचडी म्हणजे 'हलकं खाणं' हा गैरसमज आहे. तिच्यात दाण्याचं कूट नसेल तर ती नुसता स्टार्च आणि तेल.

पण एक सावध सूचनाही आहे. वर सांगितलेल्या 'इंडियाब' अभ्यासात असंही दिसलं, की पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा मिलेट खाल्लं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. कर्बोदकांतल्या थोड्या कॅलरी काढून त्या जागी डाळी-कडधान्य किंवा दूध-दह्यातली प्रथिनं आली, तिथे धोका कमी दिसला. त्यामुळे भाताऐवजी चार भाकऱ्या हा उपाय नाही.

भाकरी पूर्ण बंद केली तर?

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्यानं उतरतं आणि मुली खूश होतात. पण ते बहुतेक पाणी असतं. अंगात साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. कोठी रिकामी झाली की ते पाणी जातं आणि पुन्हा जेवण सुरू केलं की परत येतं.

पुढे भूक मारत राहिलं, प्रथिनंही कमी पडली, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. वजन 50 वरून 45 झालं, पण त्यातला मोठा वाटा स्नायूंचा असेल, तर मुलगी आधीपेक्षा कमकुवत झाली. नंतर खाणं पूर्ववत झालं की चरबी लवकर परत येते, गेलेला स्नायू मात्र मेहनतीशिवाय येत नाही. काट्यावर तोच आकडा, पण पोट जास्त आणि ताकद कमी, अशी अवस्था होते. फार उपाशी राहिल्यानं पाळी चुकते, केस गळतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. विशीच्या आसपास हाडांची जी भरणी होते, तीच पुढे म्हातारपणापर्यंत पुरवायची असते.

कार्ब कमी करून वजन उतरत नाही असं नाही, उतरतं. पण तीच एक जादू आहे, हे खरं नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं 609 जणांवर वर्षभर केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. एका गटानं कर्बोदकं कमी केली, दुसऱ्यानं तेल-तूप कमी केलं. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळायला, भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. वर्षअखेर एका गटाचं वजन सरासरी 6 किलो आणि दुसऱ्याचं 5.3 किलो उतरलं. हा फरक धरण्यासारखा नव्हता.

एका दिवसाचा हिशोब

समजा, 21 वर्षांची, 55 किलो वजनाची कॉलेजची मुलगी आहे. तिला रोज सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. तिचा नेहमीचा दिवस असा : तीन कप गोड चहा, चार बिस्किटं, एक मोठी डिश पोहे, दुपारी दोन चपात्या, बटाट्याची भाजी, वाटीभर भात आणि पातळ वरण, रात्री दोन भाकऱ्या आणि थोडं पिठलं. यात कर्बोदकं सुमारे 285 ग्रॅम होतात आणि प्रथिनं 40 ग्रॅमच्या आत-बाहेर. एकूण कॅलरींपैकी जवळपास 70 टक्के कर्बोदकांतून.

आता त्याच घरात, त्याच चुलीवर एवढेच बदल केले :

- चहातली साखर निम्मी केली, बिस्किटांऐवजी मूठभर शेंगदाणे खाल्ले
- पोह्यांची डिश थोडी लहान केली
- दुपारचा भात निम्मा, वरण दुप्पट घट्ट, बटाट्याऐवजी पालेभाजी किंवा शेंगभाजी
- रात्री दोनऐवजी दीड भाकरी, सोबत वाटीभर मटकीची उसळ आणि दही

कर्बोदकं 220 ग्रॅमच्या आसपास आली आणि प्रथिनं 50 ग्रॅमच्या वर गेली. एकही वेळ उपाशी राहावं लागलं नाही, भाकरीही बंद झाली नाही. अंडी खाणाऱ्या घरात रोज एक अंडं वाढवलं तर आणखी 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. पावडरच्या डब्यावर पैसे घालण्याची गरज नाही.

जी मुलगी मुळातच बारीक आहे, तिनं यातली भाकरी-भाताची काटछाट करायची नाही. तिनं डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी वाढवायची आणि भाकरी होती तेवढीच ठेवायची.

जेवणाबरोबर चहा घेण्याची सवय मात्र सगळ्यांनीच सोडावी. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगलं लागतं.

मेहनतीशिवाय स्नायू नाही

प्रथिनं वाढवली आणि अंग हलवलं नाही, तर स्नायू वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं दमवणारं चालणं किंवा तसं काम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. गावात यासाठी जिम लागत नाही. बैठका, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याची कळशी उचलणं, दोरीवरच्या उड्या, कबड्डी-खोखो हे सगळं चालतं. लग्न झालं की मुलींचं मैदान सुटतं. ते सुटू नये, याकडे घरच्यांनी बघायला हवं.

घरच्या घरी तपासणी : एक दोरी पुरे

उंचीएवढी दोरी कापा. ती मधोमध दुमडून निम्मी करा. ही निम्मी दोरी बेंबीच्या रेषेत पोटाभोवती गुंडाळा. टोकं सैलपणे जुळली तर ठीक. जुळत नसतील तर पोटावर चरबी साठतेय असं समजा, मग वजनकाटा काही का सांगेना. भारतीय महिलांसाठी कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला तर तो धोका मानला जातो.

वजनाचा अंदाजही घ्या. 152 सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट उंचीच्या मुलीचं वजन 43 ते 53 किलोच्या दरम्यान असावं. मोठ्या शहरांत मशीनवर उभं करून चरबीचे टक्के सांगतात, पण पाणी प्यायलं-न प्यायलं यानंही तो आकडा बदलतो. दर महिन्याला दोरी आणि काटा, एवढं पुरेसं आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

पाळी सलग दोन-तीन महिने चुकली, वजन न ठरवता उतरायला लागलं, चक्कर येते, दम लागतो, मानेवर काळे जाड वळ दिसतात किंवा घरात मधुमेह आहे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्यावी. गरोदर, बाळाला पाजणाऱ्या किंवा इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या महिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणातलं काहीही बंद करू नये. गोळ्या चालू ठेवून भाकरी सोडली तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- भाकरी शत्रू नाही. ताटात ती एकटी पडली की त्रास देते.
- पहिली कात्री साखर, बिस्किट, पाव आणि वाढीव भाताला लावा.
- जेवढी भाकरी कमी, तेवढी डाळ, उसळ, दही किंवा अंडं वाढलंच पाहिजे.
- बारीक मुलीनं 'डाएट' करू नये, अंगात स्नायू भरावा.
- काट्यासोबत दोरीनं पोट मोजा.

घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर सून-लेकीच्या वाट्याला तळाचं पातळ वरण आणि उरलेला भात येतो, ही रीत अजून बऱ्याच घरांत आहे. उसळीची वाटी आधी तिच्या ताटात वाढली, तरी यातलं निम्मं काम झालं.